थोरलीचं इंधन वाढलं

हेमलता कुंभोजकर यांच्या तोंडून 'संपलं' हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. सांगोल्याला त्यांच्या आईचं किराणा दुकान होतं आणि त्या दुकानात कुठलीही वस्तू कधी संपत नसे. ती वाढत असे. गिऱ्हाईक साखर मागायला आलं आणि पोतं रिकामं असलं, की आई म्हणायची, साखर वाढली बघा, उद्या या. हातातली बांगडी फुटली तर ती वाढली. दिवेलागण होऊन गेली की दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. नसल्याचा उच्चार केला की ते नसणं पाट मांडून घरात बसतं, असं आईचं म्हणणं होतं. पुढे हेमलताबाई इंजिनियर झाल्या, उपग्रह चालवू लागल्या, पण जिभेला लागलेलं वळण काही पदवीनं जात नाही.

मंगळवेढ्याबाहेर, ज्वारीच्या काळ्या रानात, गगनवार्ता कंपनीचं नियंत्रण केंद्र होतं. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी फार नाजूक असतात, जोराच्या पावसात त्या विरून जातात. म्हणून जिथे पाऊस सहसा फिरकत नाही अशी जागा कंपनीनं मुद्दाम हुडकून काढली होती. दुष्काळाबद्दल मंगळवेढ्याला शाबासकी मिळाली ती तेवढी एकदाच. कंपनीचे तीन उपग्रह होते. कागदोपत्री त्यांना लांबलचक नावं होती, पण केंद्रात त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरली आकाशात गेली त्याच वर्षी हेमलताबाई नोकरीला लागल्या होत्या. त्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली होती, आणि दोघींनीही विनाकारण एकही रजा घेतलेली नव्हती.

पाहुण्यांना केंद्र दाखवताना हेमलताबाई फुगडीचं उदाहरण देत. दोन मुली फुगडी घालतात तेव्हा भोवतालचं सगळं गरगर फिरतं. स्थिर दिसतो तो फक्त समोरचीचा चेहरा. थोरली तशी छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून पृथ्वीशी फुगडी घालत होती. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात ती पृथ्वीभोवती एक फेरी मारायची. म्हणून खालून बघणाऱ्याला ती वर्षानुवर्षं एकाच जागी टांगलेली भासे, आणि घराघरांवरच्या थाळ्या एकदा तिच्याकडे तोंड करून बसवल्या की झालं.

पण फुगडीत मध्येच कुणीतरी पदर ओढतं, तसं थोरलीचं होई. सूर्य ओढायचा, चंद्र ओढायचा. मग अधूनमधून छोटी इंजिनं पेटवून तिला जागेवर आणावं लागे. उपग्रहाचं खरं आयुष्य ते एवढंच. यंत्रं धडधाकट असतात, सूर्याची वीज मुबलक असते, पण इंधनाचा शेवटचा थेंब गेला की त्याला आपल्या जागेवर उभं राहता येत नाही. एखाद्या आजीबाईंचं डोकं तल्लख असावं, आवाज खणखणीत असावा आणि गुडघे जावेत, तसं.

त्यात आणखी एक पेच असा, की टाकीत इंधन किती उरलंय हे कुणालाच नीट सांगता येत नाही. वर वजन म्हणून नसतंच. इंधन तळाशी बसत नाही, भिंतींना चिकटून राहतं. तिथे पट्टी बुडवून कोण बघणार? पूर्वी घरोघरी गॅसचे सिलिंडर होते, तेव्हा बायका त्याला ओलं फडकं लावून बघत. जिथवर आत गॅस, तिथवर फडकं उशिरा वाळायचं. थोरलीची तपासणीही त्याच जातीची होती. टाकीला जराशी ऊब द्यायची आणि ती किती लवकर तापते ते पाहायचं. भरलेली टाकी सावकाश तापते, रिकामी चटकन. मात्र टाकी जितकी रिकामी, तितका हा अंदाज डळमळीत. 'तीन महिने किंवा तीन वर्षं' असलं उत्तर येतं, आणि मग अनुभवी माणसाला विचारावं लागतं.

विचारण्यासाठी कंपनीनं कारभारी आणला होता. कारभारी म्हणजे केंद्राचं सगळं काम सांभाळणारं बोलकं यंत्र. त्याच्याशी ज्यानं त्यानं आपल्या मातृभाषेत बोलावं, इंग्रजीच्या धांदलीत चुका होतात, असं कंपनीचं नवं धोरण होतं. आणि जिथे आकडे अपुरे, तिथे जुन्या जाणत्या माणसाचा शब्द कारभाऱ्यानं प्रमाण मानायचा, असा नियम होता. नियम चांगलाच होता. गावातल्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणत, त्यामुळे हेमलताबाई फोनवर कुणाला, आज आमच्या कारभाऱ्यानं सगळं निमूट ऐकलं, असं सांगू लागल्या की शेजारणी कौतुकानं माना डोलवीत.

त्या वर्षीची तपासणी झाली. टाकी चटकन तापली. हेमलताबाईंनी पडद्यावरची रेघ पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. त्या हळूच म्हणाल्या, "कारभारी, थोरलीचं इंधन वाढत आलं."

"इंधन वाढलं असं धरू?" कारभाऱ्यानं विचारलं.

"धरावंच लागेल," त्या म्हणाल्या. "आता पुढची तयारी करायला हवी."

दुसऱ्या दिवशी त्या लेकाच्या लग्नासाठी कोइमतूरला गेल्या. सौमित्र तिकडे नोकरीला होता आणि त्यानं तिकडचीच मुलगी पसंत केली होती, कयल्विळी नावाची. लग्न दोन्ही पद्धतींनी झालं, दोन्हीकडच्या पाहुण्यांना पुरेशी गैरसोय झाली, आणि सून घरी घेऊन हेमलताबाई परतल्या. सौमित्रनं मंगळवेढ्यातच राहून काम करायचं ठरवलं होतं. कयलनं मराठी पुस्तकावरून आणि फोनवरून शिकून घेतली होती. ती इतकं शुद्ध बोलायची, की भाजीवाली तिच्याशी बोलताना उगाच सावरून बसायची.

हेमलताबाई कामावर रुजू झाल्या तर केंद्रात पेढे वाटले जात होते. थोरलीचं आयुष्य तीन वर्षांनी वाढलं, असं केंद्रप्रमुख भडकमकर सांगत होते. ओजस भडकमकर पुण्याचे, वयानं लहान, स्वभावानं सरळ. आनंद झाला की लगेच करार करून मोकळे व्हायचे. चोवीस तास नुसती लग्नं दाखवणाऱ्या एका वाहिनीला त्यांनी थोरलीवरची जागा तीन वर्षांसाठी देऊनही टाकली होती.

हेमलताबाईंनी अर्थ लावला तो असा. त्या काळी आकाशातही टँकर निघाले होते. इंधन भरलेलं एक यान वर जायचं, म्हाताऱ्या उपग्रहाला जोडलं जायचं आणि त्याची टाकी भरून द्यायचं. टँकर थोडे, मागणारे फार, त्यामुळे उन्हाळ्यात गावं लावतात तशी उपग्रहांची रांग लागलेली असे. आपल्या माघारी साहेबांनी खटपट करून थोरलीला टँकर मिळवला, असं त्यांनी धरलं. तरी खात्री करावी म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भडकमकरांना गाठून विचारलं, टँकर मंजूर झाला का.

झालं होतं असं, की कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत आठवडाभर पाणी नव्हतं आणि भडकमकर तहसील कचेरीत खेटे घालून दमले होते. त्यांचा चेहरा उजळला. कालच मंजूर झाला ताई, ते म्हणाले, फक्त आपला नंबर जरा मागे आहे.

हेमलताबाईंनी आणखी एक पेढा घेतला.

पुढचे काही आठवडे थोरलीचा थाट काय वर्णावा. इंधन राखून वापरायचं म्हणून गेली दोन वर्षं तिला जरा डुलू दिलं जात होतं. रोज थोडी वर, थोडी खाली. आता कारभारी तिला वरचेवर धक्के देऊन पुन्हा ताठ उभी करू लागला. अँटेनावाला यल्लप्पा म्हणाला, म्हातारीनं काठी टाकली ओ ताई. टँकर येणार म्हटल्यावर खर्चाला हात कशाला आखडायचा, असं हेमलताबाईंना वाटलं आणि त्यांनी काही विचारलं नाही.

मग सोमवार आला, बाजाराचा. सकाळी केंद्रावर निघताना त्यांनी सुनेला सांगितलं, कयल, तेल वाढलंय गं, तेवढं लक्षात ठेव. दुपारी जेवायला घरी आल्या तर स्वयंपाकघरात कुरडयांचा डोंगर. मागच्या उन्हाळ्यातल्या कुरडया, पापड, सांडगे, सगळं तळून सुपांत, परातीत आणि एका पाटीत रचून ठेवलेलं. कढईच्या बुडाशी चमचाभर तेल उरलेलं. बाजारातून बाकी सगळं आलं होतं. तेल आलेलं नव्हतं.

"आई, आपणच म्हणालात की तेल वाढलं आहे," कयल म्हणाली. तिच्या कपाळाला तेल लागलं होतं आणि तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. "जास्त झालेलं तेल खराब होऊ नये, म्हणून मी ते सत्कारणी लावलं."

हेमलताबाईंना हसू आवरेना. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि समजावून सांगितलं, की अगं, आमच्यात वाढलं म्हणजे जास्त झालं असं नाही. घरातली वस्तू सरत आली की आम्ही ती वाढली म्हणतो. कयलनं हे मन लावून ऐकलं आणि विचारलं, मग खरोखर वाढलं तर काय म्हणतात? तेव्हाही वाढलंच म्हणतात, असं हेमलताबाई सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांच्या हातातली कुरडई तशीच राहिली. सून विचारत होती ते त्यांना ऐकू येईना. जेवण पानात टाकून त्या केंद्रावर परत निघाल्या, आणि काय झालं ते न कळताच कयल कुरडयांची पाटी घेऊन त्यांच्या मागे गाडीत बसली.

केंद्रात शिरल्या शिरल्या त्यांनी कारभाऱ्याला विचारलं, की थोरलीचा टँकर कधी पोचणार. कारभाऱ्यानं सांगितलं, थोरलीसाठी कुठलाही टँकर ठरलेला नाही. मग आयुष्य कशाच्या जोरावर वाढलं, असं विचारल्यावर त्यानं त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला. इंधन वाढत आलं. धरावंच लागेल. आता पुढची तयारी करायला हवी.

भडकमकरांना सगळं उलगडून सांगावं लागलं, आणि ते दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ते पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते. समजल्यावर ते खुर्चीत बसले.

"ताई, 'संपत आलं' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुमच्या घरी काय म्हणतात, साहेब?"

 भडकमकर कबूल झाले, की आजीकडे तेल वाढायचंच.

पण आता प्रश्न शब्दाचा राहिला नव्हता. उपग्रह म्हातारा झाला की शेवटच्या इंधनावर त्याला आणखी वर, सुमारे तीनशे किलोमीटर, चढवून ठेवायचं असतं. तिथे कुणाची वर्दळ नाही. तिथे तो निजधामाला गेल्यासारखा पडून राहतो. थोरलीचं ते राखून ठेवलेलं इंधन कारभाऱ्यानं तिला ताठ उभी करण्यात किती खर्चलं, कुणास ठाऊक. आणि वर चढवायच्या आधीच टाकी कोरडी पडली तर? आपल्या देशाच्या डोक्यावर, आकाशाच्या त्या वर्तुळात, पृथ्वीच्या असमान ओढीमुळे एक खळगा तयार झालेला आहे. मेलेले उपग्रह त्याच्याकडे घरंगळत येतात आणि त्यात झोके घेत राहतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेकडो वर्षं. वाटेत मधली आणि धाकटी आल्या तर त्यांच्याही अंगावर. अठरा वर्षं कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली थोरली, मेल्यावर वाटेत आडवी येणारी भटकी ठरणार होती, आणि तेही हेमलताबाईंच्या जिभेमुळे.

भडकमकर म्हणाले, पंधरा दिवस थांबू. लग्नसराई ऐन भरात आहे. ती उरकली की चढवू. पंधरा दिवसांनी असं काय बिघडणार आहे?

"साहेब," हेमलताबाई म्हणाल्या, "माणूस गेला तर त्याला चार खांदेकरी मिळतात. तिला कोण उचलणार आहे? तिला स्वतःच स्वतःला उचलून न्यायचंय. अंगात बळ आहे तोवर जाऊ दे तिला."

भडकमकर उठून खिडकीशी गेले. बाहेर पाण्याचा टँकर आला होता आणि वसाहतीतल्या बायका कळश्या घेऊन धावत होत्या. त्यांनी तिथूनच लग्नवाहिनीच्या मालकिणीला फोन लावला. तीन वर्षांचं वचन देऊन तीन आठवड्यांत मोडणाऱ्या मुलाला तुम्ही तुमची मुलगी द्याल का, असं तिनं विचारलं. देणार नाही, असं भडकमकर म्हणाले, आणि तिची लग्नं मधलीवर दाटीवाटीनं बसवायची तजवीज करून फोन ठेवला. हेमलताबाईंना त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

आता अडला तो कारभारी. तपासणीत तंदुरुस्त ठरलेला उपग्रह निवृत्त करता येत नाही, असं तो शांतपणे म्हणाला. नोंद बदलायची असेल तर ज्यांनी निवेदन केलं त्यांनीच, आपल्या तोंडानं, स्पष्ट शब्दांत ते बदलावं.

"थोरलीकडे इंधन फार थोडं आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

"इंधन वाढलं आहे, असं आपण पूर्वी सांगितलं होतं. ते आपण मागे घेता का?"

"मागे कशी घेऊ? वाढलंय ते तर खरंच."

"म्हणजे इंधन भरपूर आहे."

"तसं वाढलं नाही रे. आमच्यात म्हणतात तसं वाढलं."

"आपल्यात वाढतं ते इतरांपेक्षा निराळं असतं का?"

भडकमकरांनी कपाळाला हात लावला. यल्लप्पानं सुचवलं, की 'उरलं नाही' म्हणून बघा. पण वस्तूला 'नाही' म्हणणंही आईच्या दुकानात चालत नसे, आणि ते ओठांवर आलं की हेमलताबाईंची जीभ टाळूला चिकटे. टाकीला उतार पडलाय, त्या म्हणाल्या. टाकीचं तोंड खाली झालंय का, असं कारभाऱ्यानं विचारलं. थोरलीनं ओटी रिकामी केली, असं म्हणून पाहिलं. तेव्हा कारभाऱ्यानं ओटी हा भाग थोरलीच्या आराखड्यात सापडत नसल्याचं कळवलं. कोपऱ्यात कयल हे सगळं कानात प्राण आणून ऐकत होती. तिच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं.

यल्लप्पानं टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड केलं. "आम्ही कान झाकतो ओ ताई," तो म्हणाला. "तुम्ही म्हणा."

हेमलताबाईंना दुकानाचा अखेरचा दिवस आठवला. आई थकली होती आणि पुन्हा कधी दुकान उघडणार नव्हती. फळ्या लावून ती नेहमीसारखंच म्हणाली होती, दुकान वाढवलं बरं का. ते गिऱ्हाइकांनी नेहमीसारखंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं पिशव्या घेऊन फळ्यांसमोर उभी राहिली, तिसऱ्या दिवशीही राहिली, आणि आई आत, ऐकू येत असून, अंथरुणावर पडून होती. कुणीतरी बाहेर जाऊन एक शब्द सांगायला हवा होता. कुणाच्याच तोंडून तो निघाला नव्हता.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"संपलं," त्या म्हणाल्या. "थोरलीचं इंधन संपलं."

छत जागेवर होतं. दिवे चालू होते. कारभाऱ्यानं आभार मानले, नोंद बदलली आणि इंजिन पेटवण्याची तयारी सुरू केली.

चढण दोन टप्प्यांत करायची होती. पहिल्या धक्क्यानं वाटेचं एक टोक वर उचलायचं. मग अर्धी फेरी होऊ द्यायची आणि दुसऱ्या धक्क्यानं दुसरं टोक तितकंच वर आणायचं. पहिला धक्का सुरळीत पार पडला. मधल्या वेळात कुणी घरी गेलं नाही. खायला फक्त कुरडया होत्या, पण त्या मात्र अख्ख्या केंद्राला पुरून उरतील एवढ्या होत्या. नियंत्रण कक्षात कुडुम कुडुम आवाज चालू राहिला. कयल पाटी घेऊन सगळ्यांना आग्रह करत फिरत होती. भडकमकरांनी दोनदा विनंती केली, की निदान इंजिन पेटलेलं असताना तरी कुणी चावू नये.

दुसरा धक्का सुरू झाला आणि कारभारी दुसऱ्या टोकाची जुन्या वाटेपासूनची उंची वाचून दाखवू लागला. शंभर किलोमीटर. दीडशे. हेमलताबाई दाबाच्या रेघेवर डोळे लावून बसल्या होत्या. टाकी कोरडी पडत आली की इंधनाबरोबर वायूचे बुडबुडे नळीत शिरतात आणि इंजिन खोकू लागतं. दोनशे झाले आणि रेघ थरथरली. आता कुणीच काही चावत नव्हतं. रेघ सावरली, पुन्हा थरथरली. चल गं, असं कुणीतरी म्हणालं. ते भडकमकर होते. दोनशे चाळीस. थोरली एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि तशीच वर सरकत राहिली, जिना चढणाऱ्या बाईनं मध्ये कठड्याला धरून श्वास घ्यावा आणि उरलेल्या पायऱ्या चढाव्यात तशी. मग रेघ एकदम खाली गेली आणि उठली नाही.

भडकमकरांनी उंची विचारली. दोनशे ऐंशी, कारभारी म्हणाला. मधली आणि धाकटीच्या वाटेपासून ती चांगलीच दूर गेली होती. आता ती कुणाच्या आडवी येणार नव्हती. यल्लप्पानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि नाक शिंकरलं.

राहिलं होतं ते तिचं बोलणं थांबवणं. आधी मोठे प्रक्षेपक बंद झाले, मग बॅटऱ्या रिकाम्या केल्या. शेवटी राहिला तिचा ठावठिकाणा सांगणारा बारीक सूर. अठरा वर्षं तो पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या रेघेच्या वर आलेल्या टोकासारखा उभा होता. हेमलताबाईंनी स्वतः आदेश दिला. टोक एकदा लुकलुकलं आणि पडदा सपाट झाला. कयलनं सासूबाईंचा हात धरला. 

थोड्या वेळानं कारभारी म्हणाला, "नोंद पूर्ण करायची आहे. थोरली संपली, असं लिहू?"

"नको," हेमलताबाई ओढणीनं डोळे पुसत म्हणाल्या. "थोरली वर गेली, असं लिही."

कारभाऱ्यानं उंची पुन्हा तपासली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दोनशे ऐंशी किलोमीटर."